वॉटर पार्कमध्ये जादा पैसे भरून रांग टाळण्याचा पास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला, शाळांच्या परीक्षा आटोपू लागल्या, की ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर, पनवेल या भागांतून दरवर्षी एकाच धाटणीचे प्रश्न येऊ लागतात. कोणाला मानपाड्याच्या टिकुजिनी वाडीला जायचे असते, कोणाला गोराईच्या वॉटर किंगडमला, तर कोणाला द्रुतगती मार्गाने खोपोलीजवळच्या इमॅजिकाला किंवा त्याही पुढे लोणावळ्याकडे. प्रवेशाच्या तिकिटावर आणखी पैसे भरून रांगेत पुढे जाण्याची सोय घ्यावी की घेऊ नये, हा सगळ्यांचा समान पेच असतो. प्रत्येक पार्क असा पास विकतेच असे नाही, आणि जी विकतात त्यांचे दर व अटी हंगामागणिक बदलतात. म्हणून खालील उत्तरांतील रुपयांचे आणि मिनिटांचे आकडे केवळ हिशेब समजावा यासाठी घेतलेले आहेत.

1. रांग टाळण्याचा पास म्हणजे नेमके काय?

प्रवेशाचे तिकीट तुम्हाला पार्कच्या आत नेते आणि तेथील बहुतेक राईडवर बसण्याचा हक्क देते. हा पास त्यावर वेगळ्या रकमेने मिळतो आणि ठरावीक राईडवर वेगळ्या, सहसा आखूड, रांगेतून जाऊ देतो. कोठे त्याला एक्सप्रेस म्हणतात, कोठे फास्ट ट्रॅक, तर कोठे व्हीआयपी. नाव भारदस्त असले म्हणून सोय अधिक असते असे नाही. केवळ पास दाखवून आत प्रवेश मिळत नाही, प्रवेशाचे तिकीट वेगळे लागतेच. काही पार्क मात्र दोन्ही मिळून एकच महाग तिकीट विकतात, त्यामुळे खरेदी करताना रक्कम कशाकशाची आहे हे वाचून घ्यावे.

2. पास घेतल्यावर अजिबात थांबावे लागत नाही का?

थांबावे लागते, फक्त कमी. बहुतेक गैरसमज येथेच होतात, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

स्लाईडवरून तासाला किती माणसे खाली जाऊ शकतात, हे रांगेच्या लांबीवर नव्हे, तर सुरक्षित अंतरावर ठरते. समजा चार जणांचा राफ्ट दर 45 सेकंदांनी सोडला जातो. म्हणजे तासाला 80 राफ्ट आणि 320 माणसे. रांगेत 240 जण उभे असतील, तर शेवटच्याला साधारण पाऊण तास लागेल. आता त्याच स्लाईडवर पासधारकांची दुसरी रांग सुरू झाली आणि कर्मचाऱ्याने एक राफ्ट पासवाल्यांना, एक साध्या रांगेला असा क्रम धरला, तर साध्या रांगेच्या वाट्याला तासाला 160 जागाच उरतात. त्याच 240 जणांमधल्या शेवटच्या माणसाला आता दीड तास लागेल. पासच्या रांगेत 40 जण असतील, तर त्यांतल्या शेवटच्याला पंधरा मिनिटे.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पासामुळे स्लाईड अधिक वेगाने चालत नाही, त्यामुळे तुमची वाचलेली मिनिटे दुसऱ्या रांगेतून आलेली असतात. आणि पास घेणारे वाढले की पासची रांगही वाढते. सुट्टीतल्या रविवारी पार्कने भरमसाट पास विकले असतील, तर दोन्ही रांगांत फारसा फरक उरत नाही.

वरच्या फलाटावर हे सगळे डोळ्यांनी दिसते. दोन लोखंडी कठडे एकाच चौकटीपाशी येऊन मिळतात. मधोमध शिट्टी गळ्यात घातलेला लाईफगार्ड उभा असतो, आणि खालचा दिवा हिरवा झाला की तो एका बाजूच्या माणसाच्या ट्यूबला पाय लावून ढकलतो. पुढची ट्यूब कोणत्या कठड्यातून घ्यायची, हे बहुधा त्याच्या अंदाजावर असते. पासवाले आणि साधे यांचे प्रमाण चार एकास की एकास एक, याचा लेखी नियम पाहुण्याला कोठेही वाचायला मिळत नाही.

3. पास कोणत्या राईडवर चालतो आणि कोणत्यावर त्याचा उपयोग नसतो?

जेथे एका वेळी एक ट्यूब किंवा एक माणूस सोडावा लागतो, तेथे रांग तुंबते आणि पास कामाला येतो. उंच सरळ उतार, बंद नळीतून जाणाऱ्या स्लाईड, मोठ्या नरसाळ्यात फिरवणारा राफ्ट ही त्याची ठळक उदाहरणे. एकट्याने झोपून जाण्याच्या स्लाईडवर दर 30 सेकंदांनी एक माणूस सोडला, तर तासाला 120 जणच जातात, त्यामुळे साठ माणसांची दिसायला किरकोळ रांगही अर्ध्या तासाची असते.

वेव्ह पूल, रेन डान्स, लहान मुलांचे उथळ तळे येथे रांगच नसते. लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे ट्यूबवर बसून संथ वाहत जाण्याच्या पाण्याच्या वाटेत, खोळंबा होतो तो ट्यूब मिळण्यासाठी, आणि ट्यूब रिकामी होईल तेव्हाच मिळते, मग मनगटावर पासचा पट्टा असो वा नसो. म्हणून खरेदीपूर्वी पासमध्ये समाविष्ट राईडची यादी मागावी आणि त्यांतल्या किती राईडवर आपल्या घरातली माणसे खरोखर बसणार आहेत ते मोजावे. यादीत दहा नावे असली, तरी तुमच्या कामाची चारच असू शकतात.

4. तिकीटघर, लॉकर, कॉस्च्युम आणि जेवणाच्या रांगाही टळतात का?

पासावर तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर टळत नाहीत. सकाळी पहिला अर्धा तास तर लॉकरची किल्ली आणि भाड्याच्या कॉस्च्युमचे डिपॉझिट यांतच जातो. यावरचे उपाय प्रश्न 6 मध्ये आहेत.

5. आम्ही चौघे आहोत. पास घ्यावा की नाही?

याचे उत्तर दिवसावर अवलंबून आहे, उत्पन्नावर नाही.

समजा पास माणशी 800 रुपये आहे आणि तुमच्या उपयोगाच्या पाच मोठ्या स्लाईड आहेत. जूनमध्ये शाळा उघडल्यानंतरच्या एखाद्या मंगळवारी प्रत्येक स्लाईडमागे सात मिनिटे वाचतील, म्हणजे दिवसभरात पस्तीस मिनिटे. चौघांचे 3,200 रुपये पस्तीस मिनिटांसाठी मोजणे हा, आमच्या मते, निव्वळ अपव्यय आहे. मे महिन्यातल्या रविवारी मात्र प्रत्येक स्लाईडमागे पस्तीस मिनिटे वाचली, तर पावणेतीन-तीन तास हाती येतात आणि हिशेब बदलतो.

तरीही एक गोष्ट पाहावी. पार्क दहा ते सहा चालू आहे असे धरले, तर कपडे बदलणे, लॉकर आणि जेवण यांचे दोन तास वजा जाता सहा तास उरतात. पाच स्लाईडवर प्रत्येकी पाऊण तास थांबले, तरी पावणेचार तासांत पाचही होतात आणि वेव्ह पूलसाठी दोन तास शिल्लक राहतात. म्हणजे गर्दीच्या दिवशीही पास नसल्यामुळे एखादी राईड सहसा हुकत नाही. पास मिळवून देतो ती दुसरी आणि तिसरी फेरी. ज्या घरात बारा-पंधरा वर्षांची, एकाच स्लाईडवर पुन्हा पुन्हा चढणारी मुले आहेत, तेथे हे मोल आहे. ज्यांना प्रत्येक स्लाईड एकदा करून पाण्यात निवांत पडून राहायचे आहे, त्यांनी ते पैसे जेवणावर खर्च करावेत.

आणखी एक बाब कोणतीही जाहिरात सांगत नाही. पास असला तरी जिना तोच असतो. चार-पाच मजल्यांचे ओले, खरखरीत जिने अनवाणी चढायचे, कित्येकदा ट्यूब डोक्यावर घेऊन. साध्या रांगेत मध्येमध्ये थांबल्याने दम मिळतो. पासच्या रांगेत तो मिळत नाही, आणि चाळिशी ओलांडलेल्यांचे गुडघे तिसऱ्या फेरीला बोलू लागतात. ज्यांनी दिवसभराचा अनलिमिटेड पास घेतला, त्यांतले बरेच पालक दुपारी तीननंतर सावलीतल्या खुर्चीवर सापडतात.

6. पास न घेता रांगेतला वेळ कमी करता येतो का?

बराचसा येतो. सोमवार ते गुरुवार जावे. शनिवार-रविवार, धुळवड, 15 ऑगस्ट आणि त्याला जोडून येणाऱ्या सुट्ट्या टाळाव्यात. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशीही शाळांच्या सहलींच्या बस उभ्या असतात, म्हणून त्या हंगामात आदल्या दिवशी पार्कला फोन करून मोठा गट येणार आहे का ते विचारावे.

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे, आणि याचा विचार घरातून निघतानाच करावा. ठाण्याहून गोराईला जाणाऱ्यांना घोडबंदर रस्त्यावरची कोंडी आणि पुढचा भाईंदर-उत्तनचा रस्ता, तर खोपोलीकडे जाणाऱ्यांना सुट्टीच्या सकाळी द्रुतगती मार्गावरची वाहनांची दाटी धरून चालावी लागते. एक तास उशिरा पोहोचलेल्या कुटुंबाने त्या तासाची भरपाई म्हणून पास घेणे हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत टाळण्याजोगा खर्च आहे. नायलॉन किंवा लायक्राचे कपडे घरून आणावेत, म्हणजे कॉस्च्युमची रांग टळते. सुती कपडे बहुतेक पार्क पाण्यात चालू देत नाहीत.

आत गेल्यावर सगळी गर्दी प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्या स्लाईडकडे धावते. तुम्ही सरळ मागच्या टोकाला जावे आणि सर्वांत उंच, एकेकट्याने जाण्याच्या स्लाईड पहिल्या तासात उरकाव्यात. वेव्ह पूल दुपारसाठी ठेवावा. जेवण साडेबाराच्या आत किंवा अडीचनंतर घ्यावे, कारण एक ते दोनच्या दरम्यान फूड कोर्ट भरलेले असते आणि स्लाईड त्या मानाने मोकळ्या असतात.

7. सर्वांसाठी न घेता फक्त मुलांसाठी पास घेतला तर चालेल का?

चालते, परंतु मग कुटुंब दोन रांगांत विभागले जाते. पास ज्याच्या हाती, तोच पुढे. आई-वडिलांना मुलांबरोबर जाऊ देत नाहीत. चार जणांच्या राफ्टवर दोन पासवाले आले, तर उरलेल्या दोन जागी अनोळखी माणसे बसवली जातात किंवा किमान माणसे जमेपर्यंत थांबवले जाते. मुले पंधरा वर्षांच्या पुढची आणि समंजस असतील, तर असे करण्यास हरकत नाही, मात्र मोबाइल लॉकरमध्ये असतात, म्हणून भेटण्याची जागा व वेळ आधी ठरवावी. लहान मुलांच्या बाबतीत एक मोठा माणूस आणि मूल अशी जोडीने पास घ्यावेत. उंचीच्या अटीसाठी पुढचा प्रश्न पाहावा.

8. पास घेतला, पण उंची कमी म्हणून मुलाला बसू दिले नाही. पैसे परत मिळतात का?

उंचीची, वजनाची आणि प्रकृतीची अट सुरक्षेसाठी असते आणि पासामुळे ती शिथिल होत नाही. ती अट फलकावर व संकेतस्थळावर दिलेली असेल, तर परताव्याची अपेक्षा धरू नये. मुलाची उंची घरीच भिंतीशी, अनवाणी मोजावी. पार्कातल्या पट्टीपाशी चप्पल किंवा टाचा उंच करणे उपयोगी पडत नाही, आणि उपयोगी पडले तर अधिक वाईट. अट कोठेही जाहीर केलेली नसेल, तर मात्र हा विषय प्रश्न 18 मध्ये जातो.

9. पास आधी ऑनलाइन घ्यावा की तेथे जाऊन?

घ्यायचाच असा निश्चय असेल, तर आधी घ्यावा, कारण संख्येची मर्यादा असलेले पास सुट्टीच्या दिवशी सकाळीच संपतात. निश्चय नसेल, तर आत जाऊन अर्ध्या तासात दोन मोठ्या स्लाईडची रांग पाहावी आणि मग ठरवावे. आम्हाला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. त्यासाठी पास आतल्या काउंटरवर मिळतो का, हे आधी विचारून ठेवावे.

ऑनलाइन खरेदीत तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवावेत. तिकीट निवडल्यावर पासच्या चौकटीत आधीच खूण केलेली आहे का, हे पाहावे. ‘शेवटचे काही पास शिल्लक’ अशा घाईच्या ओळीने भुलू नये. आणि कर धरून अंतिम रक्कम किती हे पैसे भरण्यापूर्वीच तपासावे. वॉटर पार्कच्या प्रवेशावरचा जीएसटी जानेवारी 2018 मध्ये 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. 800 रुपयांच्या पासवर 18 टक्के दराने 144 रुपये होतात, आणि चौघांचे मिळून 576. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतल्या 13 प्रकारांत न विचारता खरेदीत वस्तू घालणे, खोटी घाई दाखवणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हे तिन्ही आहेत.

10. ‘एकदाच’ आणि ‘अनलिमिटेड’ पासांत काय फरक आहे?

पहिल्यात प्रत्येक राईडवर एकदाच पुढे जाता येते आणि त्यानंतर साधी रांग धरावी लागते, तर दुसऱ्यात दिवसभर कितीही वेळा जाता येते. प्रश्न 5 मधला हिशेब पाहिला तर ‘एकदाच’ पासचा लाभ फारच मर्यादित असतो हे कळेल.

11. थीम पार्कचा एक्सप्रेस पास शेजारच्या वॉटर पार्कमध्ये चालतो का?

चालेल असे गृहीत धरू नये. इमॅजिकासारख्या ठिकाणी थीम पार्क आणि वॉटर पार्क ही दोन वेगळी पार्क आहेत आणि त्यांची तिकिटेही वेगळी मिळतात. एकत्रित तिकीट घेतले असले, तरी पास कोणत्या भागापुरता आहे हे पावतीवर वाचावे.

12. राईड बंद पडली किंवा वादळी पाऊस आला तर पासचे काय?

साधा पाऊस असेल तर पार्क चालू राहते, किंबहुना जुलैतल्या पावसात रांगा इतक्या आखडतात की पास घेण्याचे कारणच उरत नाही. विजा चमकू लागल्या की मात्र उंच स्लाईड थांबवतात, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी परतावा, दुसऱ्या दिवसाचा पास किंवा काहीच नाही, हे त्या पार्कच्या अटींवर ठरते. तांत्रिक कारणाने एखादी राईड सकाळपासूनच बंद असेल आणि तरीही तिचे नाव यादीत दाखवून पास विकला असेल, तर ती सेवेतील त्रुटी आहे. बंद राईडच्या फलकाचा वेळेसह फोटो काढावा आणि त्याच दिवशी पाहुणे कक्षात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

13. लवकर निघणाऱ्या कोणाचा पास आम्ही विकत घेऊ शकतो का? रिस्टबँड तुटला तर?

पास सहसा हस्तांतरणीय नसतो, आणि पट्टा एकदा बांधला की कापल्याशिवाय निघू नये अशीच त्याची रचना असते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास चेंजिंग रूमबाहेर असे व्यवहार होतात. कापून टेपने चिकटवलेला पट्टा वरच्या फलाटावर ओळखू येतो आणि पैसे वाया जातात. तुमचा स्वतःचा पट्टा पाण्यात तुटला, तर तुकडा टाकून न देता पावतीसह काउंटरवर न्यावा. म्हणून पावतीचा फोटो मोबाइलमध्ये असणे बरे.

14. कर्मचारी रोख पैसे घेऊन पुढे सोडतो. तेही पासच झाले ना?

नाही. त्याची पावती नसते, तो पुढच्या राईडवर चालत नाही, आणि त्यात रांगेतल्या माणसांचीच नव्हे, तर पार्कचीही फसवणूक आहे. पैसे घेऊन बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार अनुचित व्यापार प्रथा ठरते. तरीही सर्वसाधारण पाहुण्याने फलाटावर वाद घालू नये. ओल्या कठड्यापाशी धक्काबुक्की झाली तर इजा लहान मुलांना होते. राईडचे नाव आणि वेळ टिपून खाली कार्यालयात सांगावे.

15. मुळात हे अन्यायाचे नाही का? आम्हीही तिकीट काढूनच आलो आहोत.

हा प्रश्न सर्वांत रागाने येतो आणि राग अनाठायी नाही. तिरुपतीला 300 रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची रांग पाहून साध्या रांगेतल्या भाविकाला जे वाटते, तेच येथे पाऊण तास उन्हात उभ्या असलेल्या माणसाला वाटते. प्रश्न 2 मध्ये दाखवल्याप्रमाणे त्याचा वेळ खरोखरच वाढतो, हा केवळ मनाचा खेळ नाही.

कायद्याच्या दृष्टीने खासगी पार्कने वेगवेगळ्या दराच्या सेवा विकणे हा गुन्हा नाही. जगातल्या बड्या पार्कांनीही हाच रस्ता धरला: डिस्नेने 1999 मध्ये रांगेत उभे न राहता ठरल्या वेळी येण्याची सोय तिकिटातच, मोफत, सुरू केली होती, आणि 2021 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कांत तिच्या जागी पैसे भरण्याची पद्धत आणली. आमचे मत असे, की पास विकण्यास हरकत नाही, पण पार्कने दिवसाला किती पास विकणार आणि दोन्ही रांगांतून कोणत्या प्रमाणात माणसे सोडणार हे फलकावर लिहावे, आणि साध्या रांगेवर सावली व पिण्याचे पाणी असावे. हे मागण्याचा हक्क साधे तिकीट काढणाऱ्यालाही आहे. पासवाल्या कुटुंबावर ओरडून मात्र काही साधत नाही, त्यांनी नियमाप्रमाणे पैसे भरलेले असतात.

16. ज्येष्ठ, गर्भवती किंवा दिव्यांग व्यक्तीला पास न घेता प्राधान्य मिळते का?

गर्भवतींना आणि हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांना मोठ्या स्लाईडवर मनाईच असते, त्यामुळे त्यांच्यासाठी पास घेणे व्यर्थ आहे. ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्तींसाठी वेगळी वाट किंवा सवलत आहे का, हे आधी फोनवर आणि शक्य तर ईमेलवर विचारावे. लेखी उत्तर असले की वरच्या फलाटावर पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवावी.

17. सोसायटीची सहल आहे, चाळीस जण आहोत. गटासाठी पास स्वस्त पडतो का?

प्रवेशाच्या तिकिटावर गटाला सवलत मिळते, पासवर ती मिळेलच असे नाही. चाळीस जणांनी एकदम पास घेतले, तर पासची रांग म्हणजे तुम्हीच. त्याऐवजी बुधवारची तारीख ठरवून सवलतीतून वाचलेल्या पैशांत जेवण समाविष्ट करून घ्यावे.

18. पास घेऊनही फायदा झाला नाही. तक्रार कोठे करावी?

केवळ ‘रांग लांब होती’ हे पुरेसे नाही. वेगळी रांग दिलीच नाही, यादीतल्या राईड बंद होत्या, अट लपवली किंवा न विचारता पास माथी मारला, असे काही ठोस हवे. आधी पार्कला लेखी कळवावे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करावी. लहान रकमांचे बरेच वाद येथेच मिटतात.

त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. 2019 च्या अधिनियमामुळे पार्क कोठेही असले, तरी तक्रारदार राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते. नवी मुंबईकरांचा येथे नेहमी घोळ होतो: ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, परंतु खारघर, कामोठे आणि पनवेल रायगड जिल्ह्यात आहेत, आणि त्या जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आहे. पिन कोडवरून अंदाज न करता विजेच्या बिलावरचा किंवा आधारवरचा जिल्हा पाहून अर्जात तोच निवडावा.